दिवसा सांगितलेली गोष्ट

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर पोरांना बोलतं करण्याची खटपट. लिहायला-वाचायला शिकवणं त्यामानाने सोपं. फळा असतो, पुस्तक असतं, आणि काहीच जमलं नाही तर पाढे म्हणून घेता येतात. पण एखादं पोर भिंतीला पाठ लावून तुमच्याकडे टकामका बघत बसलं आणि शाळा सुटेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, तर त्याचं काय करायचं, हे डी.एड.ला कुणी शिकवलेलं नसतं.

माझी शेवटची शाळा सूर्यमाळच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावरच्या एका पाड्यात. जिल्हा परिषदेची. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, पुढचे वर्ग गुरुजींकडे. गुरुजी भले माणूस होते, फक्त त्यांना सगळं समजावून सांगायची फार हौस. मी खोडाळ्यात भाड्याची खोली घेतली होती. तिथून भरलेल्या जीपमध्ये कशीबशी टेकायची, फाट्यावर उतरायची आणि मग चढ. निवृत्तीला आलेल्या बाईला तो चढ रोज नवा वाटायचा.

मी मूळची निफाडकडची. पोरं आपसात बोलायची ते मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही आणि माझं बोलणं त्यांना. बाहेरच्यांना वाटतं, महाराष्ट्रातलीच शाळा, मराठीच असणार, त्यात काय. पण पुस्तकातली मराठी त्या पाड्यावर कुणाच्याच घरी बोलत नाहीत. पोर शाळेत पाऊल टाकतं ते परक्याच्या घरी पाहुणं गेल्यासारखं, अंग चोरून. त्यात दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातो तो शिमग्याला परततो. काही पोरं आईबापांबरोबर जातात आणि परत आली की आपल्याच वर्गात परकी होऊन बसतात.

अशात आमचं एक प्रशिक्षण झालं. मुलांना वर्गात गोष्टी सांगू द्या, त्याने आपलेपणा वाढतो, असं तिथे सांगितलं. मग चहा झाला आणि फोटो निघाले. मी प्रशिक्षणांना नाकं मुरडणारी बाई, पण ही गोष्ट मला पटली. शनिवारची सकाळची शाळा असते. शेवटचा तास गोष्टींचा ठरवला. सगळे वर्ग पडवीत एकत्र बसवले आणि म्हटलं, सांगा गोष्ट.

कुणी हूं की चूं केलं नाही. म्हटलं लाजत असतील, आधी आपण सांगू. राजा-राणी, वाघ-बकरी, आवाज काढून, हातवारे करून. पहिल्या रांगेतल्या पोरींनी चक्क कानांत बोटं घातली. घरी आमचे हे माझ्या बोलण्याला कानात बोटं घालायचे त्याची सवय होती, पण पोरींनी घातल्यावर मला लागलं.

खिचडी शिजवायला यमुनाबाई यायच्या. त्या चुलीपुढून हे सगळं बघत होत्या. पोरं गेल्यावर म्हणाल्या, "बाय, दिवसाची गोठ सांगू नाय."

"का?"

"मामा वाट चुकं. जो सांगं त्याचा मामा वाट चुकं. गोठ रातची सांगायची, सगळी घरात आल्यावर."

मी हसले. आमच्याकडेही लहानपणी कुणीतरी असं म्हणायचं, मी ते पार विसरून गेले होते. यमुनाबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमचं मामा निफाडला घरात बसलं असतील, बाय," त्या म्हणाल्या. "या पोरांचं मामा सगळं वाटेवर हायत."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्या घरातली माणसं वर्षातले निम्मे महिने परमुलखात असतात, त्या घरातलं पोर वाट चुकण्याशी खेळ करणार नाही. पुढच्या शनिवारी मी पोरांना म्हटलं, गोष्ट नकोच. जे खरोखर झालं तेवढंच सांगायचं. आपल्याला झालेलं, आपण पाहिलेलं. त्याने कुणी वाट चुकत नाही ना? पोरांनी एकमेकांकडे बघितलं, यमुनाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली तेव्हा कुठे पोरं मोकळी झाली.

आणि मग जी बोलायला लागली ती आवरेनात. चौथीतला लहानू, शाळेतला दांडगोबा, त्याने शेळीचं सांगितलं. त्याची शेळी उतारावरच्या घळीत पडली, तो एकटा खाली उतरला आणि तिला खांद्यावर घालून वर आणलं. कुणाला खोटं वाटू नये म्हणून सोमवारी ती शेळी घेऊनच शाळेत आला. तिच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या आणि पडवीत तिने लेंड्या टाकल्या. गुरुजींनी त्यावरून मला बरंच ऐकवलं. एका पोरीने सांगितलं, उन्हाळ्यात झऱ्यावर तिचा हंडा भरता भरता पाणीच संपलं आणि मागे उभ्या असलेल्या म्हातारीला तिने आपला हंडा दिला. सांगताना तिला रडू आलं, कारण घरी गेल्यावर आईने मारलं होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत तिच्याभोवती पोरींचा गराडा होता. भट्टीवरून आलेल्यांनाही सांगण्यासारखं काहीतरी होतं. पाड्यावरच्या पोरांनी कधी न पाहिलेलं ती बघून आलेली असायची.

एकदा एक साहेब तपासणीला आले. तास बघितला आणि विचारलं, यातून निष्पत्ती काय? मी म्हटलं, साहेब, पोरं एकमेकांना नावानं हाक मारायला लागली. त्यांनी ते काही लिहून घेतलं नाही.

पण मला लिहायचं आहे ते सोनीबद्दल.

सोनीला तिचा मामा काळू शाळेत घेऊन आला तेव्हा भात कापणीला आला होता. बारीक चणीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. दुसरीत बसवायचं वय, पण तिला अक्षरओळख नव्हती, जन्मापासून भट्ट्याच बघितलेल्या. मामाने तिला दाराबाहेर उभं केलं आणि मला हळूच सांगितलं, "बाय, हिची आयस भट्टीवर मेली. तापानं. बाप दुसरी करून गेला. आता माझी ती." त्याला स्वतःचं मूल नव्हतं. जाताना त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला तो असा, की जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. मला तो माणूस आवडला.

सोनीचं बोलणं निम्मं हिंदी. "मेरेको नाय पायजे" असं म्हणायची. पोरं खो-खो हसायची. लहानूने तिचं नाव भट्टीवाली ठेवलं आणि ते चिकटलं. पंगतीला तिच्या बाजूची जागा मोकळी राहायची. मी रागावले की तेवढ्यापुरती कुणीतरी सरकून बसायचं. मारून-मुटकून आपुलकी येत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलं होतं.

दिवाळीनंतर काळू कल्याणच्या पुढे कुठेतरी बांधकामावर गेला. सोनी मामीपाशी राहिली. आणि त्यानंतरच्या एका शनिवारी ती आपणहून उभी राहिली. म्हणाली, "मेरी आई भट्टीवर हाय. ती सगळ्यात जास्ती ईटा पाडते. मुकादम बी तिला घाबरतो."

मी तिला थांबवायला पुढे झाले. पण तिच्या तोंडावर जो उजेड होता तो विझवायची माझी छाती झाली नाही. ती सांगत गेली. आई गाते तेव्हा सगळी भट्टी काम थांबवून ऐकते. आईच्या हातावर मोर गोंदलाय. मुकादमाने एकदा एका पोराला मारलं तर आईने त्याचाच हात धरला. शिमग्याला आई येणार आहे.

पुढच्या शनिवारी पोरांनीच तिला उठवलं. त्याच्या पुढच्याही. सोनीची आई आमच्या शाळेत दर आठवड्याला यायला लागली म्हणा ना. पोरी तिच्या बाजूला बसायला भांडू लागल्या. भट्टीवाली हे नाव कधी गळून पडलं कळलंही नाही. लहानू तर मधल्या सुट्टीत विचारायचा, मुकादमाचं पुढं काय झालं?

मला एकच काळजी. ही पोरं घरी जाऊन विचारणार, खरं कळणार, आणि मग हिचं काय होणार? एकदा यमुनाबाईंजवळ बोलले. त्या तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "पाड्यात काय लपतं का, बाय? पोरांना पयल्या दिवसापून ठावं हाय. तिची आयस मेली ते सगळ्यांना ठावं हाय."

म्हणजे ती सगळी जाणूनबुजून ऐकत होती. लहानूसुद्धा. एवढ्या वर्षांत मी वर्गात पुष्कळ काही शिकवलं, पण हे मी शिकवलेलं नव्हतं.

थंडी ओसरता ओसरता काळूबरोबरची दोन माणसं एका लग्नासाठी पाड्यावर आली. त्यांनी काळूच्या बायकोला विचारलं, काळू बरा आहे का आता? ती म्हणाली, तो तर तुमच्याबरोबर. मग कळलं, काळूला कणकण वाटत होती म्हणून तो त्यांच्या बराच आधी, एकटाच, घरी यायला निघाला होता. त्यांनी स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं होतं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. फोन बंद.

मामी सरपंचांना घेऊन मोखाड्याला पोलीस ठाण्यात जाऊन आली. तक्रार झाली. पाड्यातले चार जण कसाऱ्यापर्यंत विचारत गेले, दवाखाने बघितले, स्टेशनात फोटो दाखवला. काळू निघाला होता आणि पोचला नव्हता, याच्यापलीकडे काही कळलं नाही.

सोनी शाळेत यायची थांबली. मी तिच्या घरी गेले. मामी अंगणात वरई पाखडत होती, पोर आत अंधारात कुडाला टेकून बसलेली. मी जवळ बसले. म्हटलं, शाळेत चल. तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "बाय, ती गोठ होती."

"कुठली?"

"आईची. झालेलं नव्हतं. मी दिवसाची गोठ सांगली."

मला तिथे रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. तिला कुशीत घेतलं, सांगितलं की असं काही नसतं बाळा, माणूस असा वाट चुकत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. तिने खोटं सांगितलं दिवसाउजेडी, आणि तिचाच मामा वाट चुकला. आख्ख्या पाड्यातला दुसरा कुणाचा नाही, तिचाच.

गुरुजींना मी सांगितलं. त्यांनी फार कळवळून, अंधश्रद्धा म्हणजे काय हे सगळ्या शाळेला समजावलं. फळ्यावर सूर्य-पृथ्वी काढून दिवस-रात्रही समजावली. मामी सोनीला ओढतच शाळेत सोडून गेली होती. सोनीने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा खाली घातली. खिचडीही खाल्ली नाही.

त्या शनिवारी मी तास घेणारच नव्हते. वाटलं, आता पुरे झालं हे सांगणं-ऐकणं. पण पोरं आपोआप पडवीत येऊन बसली. आणि लहानू उभा राहिला. मी म्हटलं, आज नको रे. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"माझी शेळीची बी गोठच होती," तो म्हणाला. "मी काय घळीत गेलो नव्हतो. शेळी आपली आपली वर आली. मी दिवसाची गोठ सांगली. माझा मामा काय चुकला नाय."

तो बसला. झऱ्याच्या हंड्याची पोरगी उठली. म्हणाली, मी म्हातारीला हंडा दिलाच नव्हता, उगीच सांगितलं. आणि तिला रडू आलं. मग तिसरा. मग चौथी. बिबट्या बघितल्याचं खोटं, आजीने मध काढल्याचं खोटं, बोहाड्याच्या नाचात बापाने सोंग घेतल्याचं खोटं. एकामागून एक पोर उठत होतं आणि म्हणत होतं, माझीही गोठच होती, मामा काही चुकला नाही.

मला आधी वाटलं, अरे लबाडांनो, सगळं वर्षभर मला फसवत होता की काय. मग लहानूकडे लक्ष गेलं. तो पांढराफटक पडला होता आणि दोन्ही हातांनी पडवीचा खांब धरून बसला होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. ती शेळी मी पाहिली होती. घळीत उतरताना सोलपटलेली त्याची ढोपरं मी स्वतः हळद लावून बांधली होती. त्या म्हातारीने तर त्या पोरीचं कौतुक माझ्यापाशी केलेलं होतं. जे झालं होतं, तेच ही पोरं खोटं म्हणून सांगत होती. म्हणजे गोष्ट ती आत्ता रचत होती, भर दिवसा. आणि त्यांतल्या बहुतेकांचे मामा अजून भट्टीवर होते, शिमगा जवळ येत होता, सगळे आता वाटेला लागणार होते.

त्यांचा त्या वाट चुकण्यावर माझ्यासारखा अविश्वास नव्हता. पुरता विश्वास होता, आणि तरी एकेकाने आपला मामा पणाला लावला. मी त्यांना थांबवलं नाही.

सोनी मान वर करून एकेकाचं तोंड बघत होती. तिला काय कळलं, काय नाही, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी तिने खिचडी खाल्ली. लहानूच्या बाजूला बसून.

पुढचं थोडक्यात सांगते. काळू आला नाही. आजपर्यंत आलेला नाही. उन्हाळ्यात मामीचं एकटीचं भागेना, ती आपल्या माहेरच्या माणसांबरोबर कामावर गेली आणि सोनीला घेऊन गेली. कुठे, ते मला नीट कळलं नाही. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. त्यानंतर मी निवृत्त झाले आणि आता जव्हारला लेकाकडे असते. बाजारात त्या बाजूची माणसं भेटली की विचारते. कुणी सांगतं भिवंडीकडे आहे, कुणी सांगतं लग्न झालं. एवढ्यात लग्न झालं असेल हे मला खरं वाटत नाही, वाटून घ्यायचंही नाही.

पण ती जायच्या आधीचा एक शनिवार सांगायचा राहिला, शिमग्यानंतरचा.

शिमग्याला सगळे परतले. लहानूचा मामा आला, झऱ्याच्या पोरीचा आला, एकूण एक आले. त्या सणाला मामा भाच्यांसाठी साखरेच्या गाठ्यांची माळ आणतात. दरवर्षी शिमगा झाला की पोरं गळ्यात त्या माळा घालून शाळेत येतात, चाटून चाटून अंगभर चिकट होतात, आणि कोणाचा मामा काय काय घेऊन आला याच्या बढाया मारतात. त्या शनिवारी एकाच्याही गळ्यात माळ नव्हती. मी म्हटलं, कोण सांगतं? कुणी बोललं नाही. शिमग्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी नोकरीभर पोरांना बोलतं करायला धडपडले, आणि त्या दिवशी ती गप्प बसली तेव्हा मला वाटलं, आता यांना शिकवायचं काही राहिलं नाही.

भिंतीकडेला दप्तरं ठेवलेली होती. दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती ती थेट दप्तरांत शिरत होती. माझ्या लक्षात आलं, त्याच वेळी सोनीच्याही आलं. ती उठली. लहानूचं दप्तर उघडून तिने त्यातली माळ काढली, मुंग्या झटकल्या, आणि माळ त्याच्या गळ्यात घातली. लहानूने मान खाली घातली.

"तुझा मामा आला ना?" तिने विचारलं.

तो माळेच्या गाठ्या चाचपत राहिला.

"सांग ना. कसा आला?"

"गाडीनं," लहानू पुटपुटला. "कसाऱ्याला उतरला."

"मंग?"

"मंग जीप. विहीगाववरून खोडाळ्याला. मंग फाट्यावर उतरून चालत आला."

"फाट्यावरून कुठल्या वाटेनं?"

"मोठ्या आंब्याखालून. मंग नाला लागतो. मंग आपली शाळा दिसते."

सोनी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. आणि तिने त्याला ती सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.